पाठीवर दाब, बोटांत गारवा

उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गार पडायला लागलं ते श्रावणात. बडोद्याच्या श्रावणात गार असं काही नसतं. हवा दमट, पंखा पाचावर, कपाळावरचा घाम पदराने टिपत बसायचं, आणि माझी ही दोन बोटं मात्र माठातून काढल्यासारखी. कात्री धरली की टोकांना मुंग्या यायच्या. पाठीत दोन्ही खवाट्यांच्या मधोमध एक जागा होती, तिथे संध्याकाळपर्यंत खिळा ठोकल्यासारखं दुखायचं.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या पुढच्या खोलीत गेली एकवीस वर्षं माझं शिलाईकाम चालतं. श्रावण ते नवरात्र हे आमचे कमाईचे दिवस. एकेका चणियाला, म्हणजे गरब्याच्या घागऱ्याला, नऊ-दहा मीटरचा घेर, कळ्या जोडायच्या, अस्तर लावायचं, नेफा, लेस, वर आभल्यांचा पट्टा. घेर मशीनखालून काढताना सगळं ओझं उजव्या हातावर येतं, धड पुढे झुकतं, मान सुईवर. सकाळी साडेनऊला बसले की जेवायलाच उठायचं. वय चोपन्न. बीपीची गोळी सहा वर्षांपासून.

आमच्या घरात हातांच्या उपचारांवर विश्वास जुना आहे. आजोबा 'जुम्मादादा व्यायाम मंदिर' या तालमीत जायचे. ती चालवणाऱ्या प्रो. माणिकरावांचं नाव बडोद्यात जितकं व्यायामासाठी घेतलं जायचं तितकंच हाडवैद्यकासाठी. खांदा उतरला, पाय मुरगळला, की दवाखान्याच्या आधी तालमीची वाट धरायची हे मी लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे एका गिऱ्हाईक बाईंनी एका नस बसवणाऱ्याचा पत्ता दिला तेव्हा माझ्या मनात शंका आली नाही. गेले.

त्या माणसाने मला कसला आजार आहे, कुठली गोळी चालू आहे, काही विचारलं नाही. पालथं झोपवून पाठीवर अंगठे फिरवले. मग स्टुलावर बसवलं, मागून हनुवटी धरली आणि मी काही बोलायच्या आत मान एका झटक्यात फिरवली. कडाड असा आवाज झाला. माझ्या तोंडून किंचाळी निघाली. तो म्हणाला, "बेन, नस खुली गई." दबलेली नस मोकळी झाली, आता बीपीही आपोआप उतरेल, गोळीची गरज राहणार नाही, असं त्याने सांगितलं.

त्या दिवशी मला बरं वाटलं, हे मला आधी लिहून टाकायचं आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. घरी येईपर्यंत पाठ हलकी झाली होती. मान दोन्हीकडे वळत होती. रात्री झोप लागली. इतकं बरं वाटल्यावर मी त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवला आणि गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी पाठ पुन्हा होती तशी झाली, तरी गोळी मी सुरू केली नाही. तेराव्या दिवशी सकाळपासून डोकं मागून ठणकत होतं, डोळ्यांपुढे कळी नीट दिसेना. मुलाने डॉक्टरांकडे नेलं. बीपी १७४/१०२. डॉक्टर आमच्या ओळखीचे, माझ्याहून लहान, पण त्या दिवशी त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. मी मान खाली घालून ऐकलं. त्यांचं बरोबरच होतं.

गोळी परत सुरू झाली. ईसीजी, शुगर, थायरॉइड सगळं व्यवस्थित निघालं. बी-ट्वेल्व्ह कमी होतं, त्याची इंजेक्शनं लिहून दिली. मानेच्या एक्स-रेमध्ये वयाप्रमाणे झीज. आणि पाठीसाठी त्यांनी फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीची चिठ्ठी दिली. मी म्हटलं, "पुन्हा कुणी मान मोडणार नाही ना?" ते म्हणाले, "आधी विचारतील. विचारलं नाही तर उठून या."

ओपीडीत मला मिळाली ती एमपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, शेवटच्या वर्षाची मुलगी. राजमहाल रोडला वाढलेली, घरी मराठी, त्यामुळे पहिल्या वाक्यापासून "काकू". तिने मला टेबलावर झोपवण्याआधी चाळीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. रात्री दुखण्याने जाग येते का? वजन आपोआप उतरलंय का? ताप? पूर्वी कॅन्सर? स्टेरॉइडच्या गोळ्या कधी घेतल्यात? हाडं ठिसूळ असल्याचं कुणी सांगितलंय का? लघवी अडते का, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आहे का? मान वर केली की चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळायला त्रास? प्रत्येक प्रश्न का विचारला ते ती सांगत होती. चक्कर आणि दुहेरी दिसण्याचा प्रश्न आला तेव्हा मी तिला त्या झटक्याची हकिकत सांगितली. तिने पेन खाली ठेवलं.

मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना भोकं असतात आणि त्यांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या वर चढतात, हे मला त्या दिवशी कळलं. अचानक जोरात मान फिरवली तर क्वचित कधी त्या धमनीचं आतलं अस्तर फाटतं, तिथे रक्ताची गाठ धरते, ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. क्वचितच होतं, ती म्हणाली, पण होतं तेव्हा माणूस आयुष्यभरासाठी अधू होऊ शकतो, म्हणून आधी विचारायचं, तपासायचं आणि शक्य असेल तर झटका न देता काम करायचं. आणि तो कडाड आवाज? हाड जागेवर बसल्याचा नव्हे, नसेचाही नव्हे. सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी होऊन वायूची पोकळी तयार होते, तिचा. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोटाचा सांधा एमआरआयमध्ये ओढून हे होताना पाहिलं गेलं. म्हणूनच एकदा कडकडलेला सांधा पुढची वीसेक मिनिटं पुन्हा वाजत नाही. मी बोटं मोडून पाहिली, खरंच वाजली नाहीत.

संमतीचा कागद गुजराती आणि इंग्रजीत होता. तिने तो मला मराठीतून वाचून दाखवला. "कुठल्याही क्षणी 'थांब' म्हणायचं, कारण सांगायची गरज नाही" हे वाक्य तिने दोनदा वाचलं.

मग तपासणी. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक मणका टरारून वर येतो, तो बहुतेकांचा मानेचा सातवा. तिथून तिने बोटाने एकेक मणका मोजत खाली यायला सुरुवात केली. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्यावर अंगठा टेकला आणि मी म्हटलं, "हाच." खिळा तिथे होता. खालचा-वरचा दाबला तर लवत होते, हा एक लाकडासारखा. ती म्हणाली, "टी-फोर, छातीचा चौथा मणका. शिवणकाम, कॉम्प्युटर, सगळ्यांचा इथेच आखडतो."

तिने जे केलं त्याला मोबिलायझेशन म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी त्याच्या पायऱ्या बांधून दिल्या. पहिली पायरी म्हणजे अगदी सुरुवातीचं बारीक हलवणं, दुसरी मोठं पण मोकळ्या टप्प्यातलं, तिसरी मोठं आणि अडसराला जाऊन भिडणारं, चौथी अडसरापाशीच बारीक. झटक्याचं काम त्याच्या पलीकडचं, ते वेगळं. पालथी झोपले, तोंड टेबलाच्या भोकात, नजरेसमोर फरशी. तिने तळहाताची करंगळीकडची कड मणक्यावर ठेवली आणि वरून खाली हलक्या लयीत दाबायला लागली. सेकंदाला दोन वेळा. टेबलाचं एक पाऊल किंचित कुरकुरत होतं, त्यावरून मला लय कळत होती. मी दिवसभर मशीनचा आवाज ऐकणारी बाई, मला ती लय ओळखीची वाटली. मोटर अगदी हळू ठेवून जाड नेफ्यावर टाके घालताना असते ना, तशी. एक मिनिट दाब, एक मिनिट विश्रांती, असं तीनदा.

आणि मग जे झालं त्याने मी घाबरले. पाठ मोकळी वाटत होती, खिळा बोथट झाला होता, पण दोन्ही तळहात ओले झाले होते. बोटं आधीपेक्षाही गार. छातीत थोडी धडधड. मला वाटलं झालं, बीपी चढलं. पाठ दाबली की जीव शांत होतो, अंग सैल पडतं, असंच मी आजवर समजत आले होते, आणि इथे अंग उलट जागं झाल्यासारखं. "थांब," मी म्हटलं. ती लगेच थांबली, पट्टा बांधला. आधी १३६/८४ होतं, आता १४२/८६. नाडी ७६ ची ८२. पाच मिनिटांनी परत मोजलं तर पूर्वीच्या जवळ.

"काकू, हे व्हायचंच होतं," ती म्हणाली. "मी आधी सांगायला हवं होतं. माझं चुकलं." तिच्या त्या दोन शब्दांनी माझा तिच्यावरचा विश्वास पक्का झाला.

मग तिने कागदावर चित्र काढलं. मी बी.एस्सी. आहे, सयाजीराव विद्यापीठाची, वनस्पतिशास्त्राची, त्यामुळे चित्र काढून सांगितलेलं मला लवकर कळतं. आपल्या इच्छेविना चालणारी सगळी कामं, म्हणजे ठोके, घाम, रक्तवाहिन्यांचं आकुंचन, पचन, ही स्वायत्त चेतासंस्थेची. तिच्यात दोन भाग. सिंपथेटिक, मराठीत अनुकंपी, हा धावपळीला तयार करणारा. पॅरासिंपथेटिक, परानुकंपी, हा निवांतपणी काम करणारा. अनुकंपी भागाच्या पेशी मज्जारज्जूत छातीच्या पहिल्या पातळीपासून कमरेच्या दुसऱ्या पातळीपर्यंत असतात. तिथून निघालेले धागे मणक्यांच्या दोन्ही बाजूंना माळेसारख्या गाठींच्या साखळीत येतात. छातीच्या भागात ही साखळी बरगड्यांची टोकं जिथे मणक्याला सांधतात त्यांच्या अगदी पुढून जाते. हाताकडे जाणारे अनुकंपी धागे पाठीच्या वरच्या भागातूनच निघतात, वर मानेच्या मुळाशी असलेल्या मोठ्या गाठीत जातात आणि हाताच्या नसांबरोबर बोटांपर्यंत उतरतात. तळहाताच्या घामग्रंथींना फक्त अनुकंपी धागे असतात, परानुकंपी नाहीतच. म्हणून तळहात ओला झाला याचा अर्थ अनुकंपी भाग चाळवला, असा सरळ लावता येतो. बोटांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसल्या की बोटं गार.

"म्हणजे तू नस दाबलीस?" मी विचारलं.

"नाही. तिथवर माझा हात पोचतच नाही. मी सांधा आणि स्नायू हलवले. त्यांच्यातल्या संवेदक टोकांनी मज्जारज्जूला आणि मेंदूला कळवलं. पुढचं मेंदूने केलं."

तिचं हे बोलणं मी त्या रात्री उशीवर डोकं ठेवून बराच वेळ घोळवलं. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात बिल व्हिसेन्झिनो, अँथनी राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेचे सांधे असेच लयीत हलवून मोजमाप केलं होतं. दुखणं कमी होत होतं, आणि त्याच वेळी त्वचेवरचा घाम वाढत होता, त्वचेचं तापमान उतरत होतं, ठोके आणि रक्तदाब थोडे वर जात होते. दोन्ही गोष्टी जोडीने. त्यांनी बोट ठेवलं ते मध्यमेंदूतल्या एका करड्या भागावर, जिथून वेदना दाबण्याचा हुकूमही निघतो आणि अंग सावध करण्याचाही. संकटात सापडलेल्या प्राण्याला जखम त्या क्षणी दुखत नाही, पण त्याचं सारं अंग ताठ असतं, तसंच काहीसं. हे त्यांचं स्पष्टीकरण आहे, अजून सिद्धांताच्या पातळीवरचं, असंही ती न विसरता म्हणाली.

तिसऱ्या वेळी तिने विचारलं, "काकू, मशीन लावून बघायचं का? प्रयोगशाळेत आहे. तुम्ही फार प्रश्न विचारता, तर दाखवते." आदल्या रात्री निरोप आला: सकाळी चहा-कॉफी नको, पोटभर खाऊ नका, घाईने चालत येऊ नका. चहाशिवायची सकाळ मला जड गेली. खोलीत एसी चोवीसवर धरलेला. डाव्या हाताच्या दोन बोटांना वेल्क्रोच्या पट्ट्यांनी दोन छोट्या चकत्या बांधल्या. त्यांतून अगदी नगण्य वीज सोडतात आणि त्वचा ती किती वाहू देते ते पाहतात. घाम जास्त तर वीज जास्त वाहते. एकक मायक्रोसिमेन्स. दहा मिनिटं नुसतं पडून राहायचं. पडद्यावर एक हिरवी रेघ चालत होती, मान वळवायला परवानगी नव्हती म्हणून तिने मोबाइल फरशीवर ठेवून त्यात पडदा दाखवला. भोकातून मी माझीच रेघ पाहत होते. चारच्या आसपास स्थिर झाली.

आधी तिने हात नुसता ठेवला, दाब न देता. रेघ थोडी उचलली, मग खाली आली. मग लय सुरू केली. रेघ चढायला लागली. पहिल्या मिनिटात पाच, मध्ये थोडी उतरली, दुसऱ्यात सहाच्या वर. मी श्वास रोखून पाहत होते तर ती म्हणाली, "श्वास चालू ठेवा, खोल श्वासानेही रेघ उडते." आणि तेवढ्यात माझ्या पिशवीतला फोन वाजला. मला आवाजावरूनच कळलं, अलकापुरीच्या त्या गिऱ्हाईकाचा, ज्यांचे तीन चणिये अजून कापलेसुद्धा नव्हते. रेघ सरळ वर गेली. दाबाने चढली होती तेवढी, किंवा थोडी अधिकच.

आम्ही दोघी काही क्षण गप्प होतो. मग तीच म्हणाली, "बघा. हेच मला तुम्हाला सांगता येत नव्हतं." घामाची रेघ दाबालाही उत्तर देते आणि फोनलाही. म्हणून नुसती रेघ चढली म्हणजे उपचार लागू पडला असं म्हणता येत नाही. एका बाईच्या एका सकाळच्या रेघेवरून तर काहीच सिद्ध होत नाही. नुसता हात ठेवून, अजिबात हात न लावून, अशी तुलना बऱ्याच माणसांवर करावी लागते, आणि तशी ती केलेली आहे. त्यातून इतकं बऱ्यापैकी दिसतं की लयबद्ध मोबिलायझेशनने त्वचेवरची अनुकंपी हालचाल लगेच वाढते. हृदयाचे ठोके, ठोक्यांमधलं अंतर, रक्तदाब यांचे निकाल एकसारखे नाहीत. अभ्यास बहुतेक लहान, बरेचसे निरोगी तरुणांवर, मोजमाप काही मिनिटांचं. त्यातला बदल दिवसचे दिवस टिकतो असं दाखवता आलेलं नाही. आणि बीपीची गोळी सोडून पाठीच्या उपचारावर विसंबावं असा आधार त्यात कुठेही नाही. हे शेवटचं वाक्य बोलताना ती माझ्याकडे सरळ पाहत होती.

मग मी तिला विचारलं, हे 'नस मोकळी झाली, आता अमुक रोग जाईल' असं लोक का सांगतात? तिने १८९५ ची गोष्ट सांगितली. अमेरिकेत आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी एका बहिऱ्या सफाई कामगाराच्या मणक्याला झटका दिला आणि त्याला ऐकू येऊ लागलं असा दावा केला. त्यातून कायरोप्रॅक्टिक ही पद्धत निघाली, सरकलेला मणका नस दाबतो आणि त्यातून बहुतेक आजार होतात या कल्पनेवर. पण कानाची नस पाठीतून जातच नाही, ती कानातून थेट मेंदूच्या बुंध्यात शिरते. बुंध्यातूनच निघणारी आणखी एक मोठी नस म्हणजे व्हेगस, नावाचा अर्थच 'भटकी'. हृदय आणि आतड्यांकडे जाणारा परानुकंपी भागाचा मुख्य रस्ता तोच. तीही कवटीतून मानेत उतरते, पाठीच्या मणक्यांतून नाही. पाठीवर अंगठा रोवून तिला 'चालू' करता येत नाही.

"मग शांत कशाने होतं?" मी विचारलं. कारण माझं मन अजून तिथेच अडकलं होतं.

तिने मला माझीच नाडी धरायला लावली. तीन बोटं मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला. "आता श्वास हळू घ्या. आणि त्याहून हळू सोडा." चार-पाच श्वासांनंतर मला ते जाणवलं आणि अंगावर काटा आला. श्वास आत घेताना ठोके जवळजवळ येत होते, सोडताना लांब. चोपन्न वर्षं हे माझ्या मनगटात चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. ठोक्यांची ही मागेपुढे होण्याची सवय व्हेगसमुळे असते. ती अगदी सपाट असणं चांगलं लक्षण नाही. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणला की हा हेलकावा मोठा होतो. यासाठी ना टेबल लागत, ना कुणाचा हात.

एकूण आठ वेळा गेले, आठवड्यातून दोनदा. पुढच्या बैठकींबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. दाबानंतरचा तासभर दुखणं कमी असतं, त्या तासात पाठ हलवायची, हे तिने माझ्या डोक्यात बसवलं. टॉवेलची गुंडाळी पाठीखाली आडवी घेऊन हात मागे सोडणं, भिंतीला पाठ लावून हात वर सरकवणं, हनुवटी आत ओढणं. माझी खुर्ची दोन इंच उंच केली, मशीनवर वेगळा दिवा लावला म्हणजे सुईकडे वाकावं लागू नये. दर अर्ध्या तासाने उठायचं होतं. घड्याळ पाहणं मला जमेना, म्हणून मी बॉबिन धरली. बॉबिन संपली की मशीन सोडून उठायचं, भिंतीशी जाऊन दहा वेळा हात वर, मगच नवी भरायची. घेराच्या कामात बॉबिन लवकर संपते, तेवढ्या फेऱ्या जास्त.

पहिल्या दिवशी तिने दहापैकी किती दुखतं विचारलं तेव्हा मी सात म्हटलं होतं. शेवटच्या दिवशी तीन. बोटांतल्या मुंग्या जवळपास गेल्या. गारवा अधूनमधून येतो, विशेषतः रात्री उशिरा काम ओढलं की. यातलं कशाने काय झालं ते मला वेगळं करता येत नाही. दाब, व्यायाम, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं, उंच खुर्ची, गोळी वेळेवर, सगळं एकाच महिन्यात झालं. तिलाही विचारलं. तीही म्हणाली, "मलाही वेगळं करता येणार नाही, काकू." पहिल्या बैठकीनंतर लगेच हलकं वाटलं ते मात्र दाबाने, एवढं मी खात्रीने म्हणते. आणि त्या नस बसवणाऱ्याकडेही तेच वाटलं होतं. बरं वाटणं दोन्हीकडे खरं होतं. एकाने त्या बरं वाटण्याच्या जोरावर माझी गोळी बंद करवली, दुसरीने त्याच तासात मला भिंतीशी उभं केलं.

घटस्थापनेच्या आदल्या रात्री पावणेबाराला शेवटचा चणिया इस्त्री होऊन गेला, अलकापुरीच्या तीन चणियांमधला तिसरा. तो न्यायला आलेल्या गिऱ्हाईक बाई मानेवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मला पण कुणीतरी त्या माणसाकडे जायला सांगितलंय, तुम्ही गेला होता ना?" मी त्यांना आत बोलावलं, दार लोटून घेतलं, आणि आधी विचारलं, बीपीची गोळी चालू आहे का. त्या हो म्हणाल्या. मग मशीनच्या बाजूचं स्टूल पुढे ओढलं आणि श्रावणापासूनचं सगळं सांगितलं.